बापूजींनी डोळे मिचकावले

१

रडून रडून घर थकलं होतं, तेव्हा डबा बोलला.

पाळटोलीतल्या त्या घरात सुतकाचा तिसरा दिवस होता. अस्थी नदीत सोडून माणसं ओल्या अंगानं परतली होती. कुंताबाई भिंतीला टेकून बसली होती. कुणीतरी कोरा चहा वाटत होतं. तेवढ्यात कोनाड्यातून, मासे तोलायच्या तराजूच्या मागून, एका बाईचा तुपाळ गोड आवाज आला :

"अभिनंदन, बापूजी! टिचकी परिवारात आपलं मनःपूर्वक स्वागत आहे!"

कपबशी खाली पडून फुटली. एका म्हातारीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. बापूजी म्हणजे त्या घराचा कर्ता. तलावात जाळं टाकणारा, देवळात टाळ कुटणारा, सदा हसरा माणूस. छातीत कळ आली आणि बसल्या जागी गेला. त्याला जाऊन तीन दिवस झाले होते.

त्याचा धाकटा भाऊ धनराज उठला आणि डबा अंगणात आपटायला निघाला. कुंताबाईनं त्याचा हात धरला.

"राहू द्या भाऊजी. नाव घेऊन राह्यला तो त्यायचं."

हा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला नाही. ज्यांनी पाहिला त्यांच्या तोंडून मात्र पुन्हा पुन्हा ऐकला, आणि दर वेळी मला शिसारी आली. कारण तो गोड आवाज माझ्या कंपनीचा होता.

मी ज्योत्स्ना. टिचकी कंपनीच्या नागपूरच्या कचेरीत दक्षता विभागात आहे. टिचकी म्हणजे मोबाईलवरून पैसे देण्याघेण्याचं काम करणारी मोठी कंपनी. भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत सगळ्यांच्या गल्ल्यावर आमचा पिवळा डबा असतो. पैसे जमा झाले की तो बोलतो. जो डबा घेईल त्याचा कंपनी छोटासा विमाही उतरवते. त्याच विम्यासाठी कुंताबाईचा अर्ज आमच्याकडे आला होता.

अर्ज उघडला आणि कचेरीत गडबड उडाली. बापूजींची नोंदणी झाली होती एक एप्रिलला सकाळी. म्हणजे माणूस मेल्यावर. आणि नोंदणीच्या वेळी जिवंतपणाची खूण म्हणून जो चेहऱ्याचा व्हिडिओ लागतो, त्यात बापूजींनी मान उजवीकडे वळवली होती, ओठ हलवले होते आणि सांगितल्याबरोबर डोळे मिचकावले होते.

२

"बघ नीट," रीता मॅडम पडद्यावरून म्हणाल्या. त्या आमच्या विभागप्रमुख. बेंगळुरूला बसतात. "मशीननं पकडलंय. चेहरा बनावट."

मी व्हिडिओ पाहिला. आमचं ॲप आवाज काढून टाकतं आणि माणसाच्या मागचं सगळं पांढरं करून टाकतं, त्यामुळे कुठं बसलाय, मागे कोण आहे, काही कळत नाही. नुसता चेहरा. उन्हानं रापलेला, जाड मिशांचा. मशीननं त्यावर लाल गोल काढले होते. मिशीत दोन-तीन पांढरट ठिपके. ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी चकाकतंय. भुवयांच्या मधोमध काळा डाग. खाली शेरा : 'अनैसर्गिक ठिपके. दुसऱ्या चेहऱ्यावर चेहरा जोडल्याची शक्यता.'

"मेलेल्याला धाकटा भाऊ आहे, तोंडवळा सारखाच," रीता मॅडम म्हणाल्या. "नोंदणी करणारी साधना त्याच गावची. दोघांनी मिळून विम्यासाठी केलंय. पोलीस तक्रार तयार आहे. सोमवारी जाईल. तुझी सही हवी फक्त."

"मी जाऊन येते आधी."

"कशाला? मशीननं सांगितलंय ना?"

मी जाते म्हणाले आणि पडदा बंद केला.

कंपनीचं मीठ मी खाल्लंय, हे लपवणार नाही. माझ्या आईच्या छातीत गाठ निघाली तेव्हा नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात तिचं ऑपरेशन कंपनीच्याच विम्यातून झालं. कचेरीत दुपारचं गरम जेवण मिळतं, न्यायला-आणायला गाडी असते, पगाराची तारीख चुकत नाही. ज्या घरात कुणी कधी खुर्चीवर बसून कमावलं नव्हतं, त्या घरातल्या मुलीला यापेक्षा काय हवं? पण त्याच कचेरीत 'परिवार' हा शब्द इतक्या वेळा उच्चारतात की आता तो कानावर पडला तरी तोंडात उष्टं पाणी आल्यासारखं होतं. आमच्या परिवारात आजारी माणसाला रजा मागायची लाज वाटते, आणि कोण कामावरून गेलं हे त्याच्या खुर्चीवर नवा माणूस दिसला की कळतं.

निघताना आईनं विचारलं, "कुठं गं?"

"एका मेलेल्या माणसानं डोळे मिचकावलेत, ते बघायला."

आई म्हणाली, "मग मिचकावले असतील. काहीतरी सांगायचं असेल त्याला."

३

साधना मला चामोर्शीच्या बाजारात भेटली, मंगलीबाईच्या चहाच्या टपरीवर. गावात तिला राहवेना, म्हणून इथं मावशीकडे आली होती. कंपनीनं तिचं ओळखपत्र काढून घेतलं होतं. दिलेला मोबाईलही परत घेऊन पुसून टाकला होता. तो नियमच आहे. संशय आला की आधी मोबाईल कोरा करायचा आणि मग पुरावा मागायचा.

"काय सांगू मॅडम," साधना म्हणाली. "नळावर गेली तं बाया बाजूले सरतेत. 'मेल्या मानसाचं तोंड इकलं इनं,' असं म्हंतेत. माह्या बापानं जेवन सोडलं. मी बापूजीकाकाच्या खांद्यावर बसून जत्रा पाह्यली जी, मी त्यायचं तोंड इकीन?"

मंगलीबाईनं चहा ठेवला. "पिऊन घे वो पोरी. आन तुमी कंपनीच्या हाय का बाई? मंग त्या डब्ब्याचं काईतरी करा."

"काय झालं?"

"बेस हाय डब्बा, नाई म्हनत नाई. पह्यले गल्ल्यातला पैसा माहा मालक दारूत घालवे. आता सारा मोबाईलात जाते, त्याले हातच लागत नाई. पन त्या एक तारखेले सकाळी काय झालं, मी दुकान उघडून दूध ठेवलं आन डब्बा वरडला, 'अभिनंदन मंगली!' मी म्हनलं, कायचं अभिनंदन? तं बाजूच्या चपलेच्या दुकानातला वरडला. मंग पानठेल्यावरचा. मंग त्या साळीवालीचा. सारा बाजार एकसाथ कोकलाले लागला. माहं दूध उतू गेलं ना!"

आजूबाजूचे हसले. मीही हसले. आत्ता लिहिताना वाटतं, हसण्याऐवजी त्या उतू गेलेल्या दुधाकडे नीट बघितलं असतं तर पुढची धावपळ वाचली असती.

"साधना," मी विचारलं, "बापूजींचा व्हिडिओ कधी काढलास?"

"ते जिते होते तवा. मार्चातच. तारीख नाई ध्यानात."

"कुठं?"

तिची नजर चहाच्या गिलासात गेली. "त्यायच्या घरी. ओसरीत."

"आणि लगेच पाठवलास?"

"लगेच. आमच्या वरच्या प्रफुल सरले."

मी पाळटोलीची वाट धरली. मोहफुलांचा गोडसर दर्प रस्ताभर होता. कुंताबाईला मी पहिला प्रश्न हाच विचारला, की साधनानं ओसरीत नेमकं कुठं बसवलं होतं तुमच्या मालकाला.

कुंताबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"साधना? ते तं आमच्या घरी आलीच नाई."

४

"डब्बा यायनंच आनला," कुंताबाई सांगत होती. "मी मोहफुलं येचून आली, तं हे गमछ्यात बांधून घेऊन बसलेले. म्हनाले, हे घे, तुह्या टोपल्यात ठेवजो. बाजारात मरळ इकाले बसली की लोक मले फसवत ना. 'पैसे टाकले बाई' म्हनून मासा घेऊन जात, मोबाईल मले कुठी वाचता येते? हे म्हनाले, आता डब्बा बोलल्याबिगर मासा सोडायचा नाई. पन तो बोलेच ना. मुकाच राह्यला कोनाड्यात. यायले लई वाईट वाटलं. रोज त्याले इचारत, 'काऊन गा, बोलत काऊन नाईस?'"

तो कधी बोलला, ते मला माहीत होतं.

"कोणत्या दिवशी आणला होता?"

"दिवस नाई सांगता येत बाई."

ती खोटं बोलत नव्हती. पण घरच्या माणसाची साक्ष आमच्या कंपनीत कवडीमोलाची असते.

धनराज दारात उभा होता. डोक्यावर आणि ओठावर नुकतेच खुंट फुटलेले. तोंडवळा खरोखर थोरल्या भावाचा. दोघा भावांचं तलावातल्या वाट्यावरून भांडण होतं, हेही मला येतानाच दोन माणसांनी न विचारता सांगितलं होतं.

"मीच बसलो म्हंता कॅमेऱ्यापुढं?" तो म्हणाला. "भांडलो मी. खूप भांडलो. पन भाऊले लेकरू नाई, अग्नी मीच देल्ली. त्याच दिशी न्हाव्यानं डोस्कं, मिशी सारं उतरवलं. तवापासून कोनाच्या दारात नाई गेलो, आन हे तुमची कंपनी मले नाटकात बसवते?"

"मी काही म्हटलं नाही अजून."

"तुमी नाई म्हनलं, तुमचं मशीन म्हनते. मशीनले सांगा, पाळटोलीत येऊन मले इचार." त्यानं कोनाड्याकडे बोट केलं. "आन एक सांगा मले. माहा भाऊ जिता असतानी डब्बा मुका. तो मेला तवा त्याले कंठ काऊन फुटला?"

प्रश्न साधा होता. आणि साधना माझ्याशी खोटं बोलली होती.

५

चंद्रपूरच्या कचेरीत एसीचा गारवा अंगावर आला. प्रफुल आमचा विभागीय व्यवस्थापक. चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही जिल्हे त्याच्याकडे. कपाळावर अष्टगंध, मोबाईलला आरतीची धून, बोलणं मधात घोळलेलं. भिंतीवर मार्चचा फलक होता. उद्दिष्ट पूर्ण, खाली त्याचा हार घातलेला फोटो. शेजारी एप्रिलचा : पहिल्याच दिवशी विदर्भात पहिला क्रमांक.

"वाईट वाटतं हो मॅडम. गरीब घरची पोरगी, पण मोह सुटला," तो म्हणाला. "एक तारखेला सकाळी तिनं अर्ज पाठवला. मी पास केला. माझ्याकडे आला की लगेच पास करतो मी, काहीही अडवून ठेवत नाही."

"बरं."

"आणि देवळात, सप्ताहात, तेरवीत नोंदणी करायची नाही, असं मी सगळ्या पोरापोरींना बजावून ठेवलंय. कंपनीचा नियम आहे. सापडलं की त्याच दिवशी घरी. आपण भाविक माणसं, तिथं धंदा कसा करणार?"

मी वहीत दोनच शब्द लिहिले : अडवून, देऊळ. अडवून ठेवण्याबद्दल मी विचारलं नव्हतं. देवळाबद्दलही नाही.

बाहेर जिन्यात फोन वाजला. रीता मॅडम.

"झालं का? उद्या दुपारी बैठक घेऊ. सही कर आणि मोकळी हो."

मी साधनाला फोन लावला. "खरं सांग. पाळटोलीत फाल्गुनात सप्ताह होता का?"

ती रडायलाच लागली.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थेट देवळात गेले. तलावाच्या पाळीवर छोटंसं मारुतीचं देऊळ, समोर कडुनिंब. लच्छूभाऊ अंगण झाडत होते. गावच्या भजनी मंडळाचे म्होरके. कडुनिंबाच्या फांदीला दोरी लोंबत होती आणि तिच्या टोकाला फुटक्या मडक्याचा गळा अजून अडकलेला होता.

"हंडी यंदाचीच?" मी विचारलं.

"यंदाचीच तं. काल्याच्या कीर्तनाची. दोरी काढाची राह्यलीच. बापूजीच चढे ना झाडावर, आता कोन चढते?" झाडू टेकवून ते पायरीवर बसले. "सात दिवस कीर्तन झालं बाई, पन त्या शेवटच्या दिशी काय रंग चढला म्हनता! महाराजायनं सांगितलं, कृष्णानं गोपाळायले काला वाटला. ते पाहून सोर्गातल्या देवाच्या तोंडाले पानी सुटलं. देव मासे झाले आन यमुनेत येऊन बसले. पोरं हात धुवाले येतीन, तं उष्टं दही-लाह्या आपल्याले भेटतीन म्हनून. कृष्णानं ओळखलं. म्हने, कोनी हात धुवू नोका रे, आंगाले पुसा."

मला ही कथा पाठ आहे. लहानपणापासून किती काल्याच्या कीर्तनांत ऐकली असेल, तरी दर वेळी त्या मासे झालेल्या देवांची दया येते आणि हसूही येतं.

"तं बापूजी टाळ थांबवून उभा राह्यला," लच्छूभाऊ हसू लागले. "म्हने, महाराज, आमी सात पिढ्या मासे धरतो, एखांदा देव आमच्या जाळ्यात काऊन नाई आला? सारा मंडप हासला. महाराजच पोट धरून हासले. त्यायनं खाली येऊन आपल्या हातानं बापूजीच्या कपायाले बुक्का लावला आन काला त्याच्या तोंडात कोंबला. पार मिशीभर झालं त्याच्या. म्या म्हनलं, पूस ना बापू. तं म्हने, नाई, आज देव मासे होऊन बसले असतीन तलावात, मी काई धूत नाई. तसाच फिरला दिवसभर..."

मी पायरीवर बसले, मोबाईल काढला आणि बापूजींचा व्हिडिओ पुन्हा लावला. दोन बोटांनी चेहरा मोठा केला.

मग तो मोबाईल लच्छूभाऊंपुढे धरला. त्यांनी हात जोडले.

७

दुपारी चंद्रपूरच्या कचेरीत बैठक बसली. प्रफुल, साधना, मी आणि भिंतीवरच्या पडद्यावर रीता मॅडम.

"मशीन म्हणतं, हे ठिपके बनावट आहेत," मी चित्र मोठं करून दाखवलं. "मिशीतला हा ठिपका म्हणजे लाही. ओठावर चकाकतं ते दही. भुवयांच्या मधला डाग म्हणजे कीर्तनकारानं लावलेला बुक्का. मशीनला कुणी काल्याचं कीर्तन दाखवलेलं नाही, त्याचा दोष नाही. काला सप्ताहाच्या शेवटच्या दिवशीच होतो, आणि काला खाल्ल्यावर त्या दिवशी तोंड-हात धुवत नाहीत. पाळटोलीचा सप्ताह मार्चमध्ये संपला. बापूजी त्यानंतर गेले. म्हणजे व्हिडिओ काल्याच्या दिवसाचा आहे."

"भावानं लाही लावून नंतर काढला असेल," रीता मॅडम म्हणाल्या.

"लाही लावेल, मिशी कुठून आणेल? थोरल्या भावाला अग्नी दिला त्याच दिवशी धनराजची मिशी गेली. अख्ख्या गावानं पाहिलं. आणि मिशीसकट चेहराच नकली केला म्हणाल, तर एवढी हुबेहूब मिशी करणारा तिच्यात लाही कशाला ठेवेल?"

साधना खाली मान घालून बसली होती. मी म्हटलं, "सांग आता."

"मी खोटं बोलली मॅडम. घरी नाई, मंडपाच्या मांगं काढला व्हिडिओ. काकाच म्हनाले, काढ पोरी, तुह्या काकूले डब्बा पायजे. देवळात नोंदनी केली म्हनून सांगतलं असतं तं नोकरी गेली असती. पन आमाले तिथं धाडलं कोनं? प्रफुल सरच म्हनाले, सप्त्यात गर्दी राह्यते, तिथीच धरा लोकायले."

"खोटं!" प्रफुल उसळला. "पुरावा आहे?"

"तिचा मोबाईल आपणच पुसलाय, तेव्हा तिच्याकडे कुठला?" मी म्हणाले. "पण तुमचा आहे. एक तारखेला सकाळी चामोर्शीच्या बाजारात टपरीवाली, चपलावाला, पानठेलेवाला, साडीवाली, सगळ्यांचे डबे एकाच वेळी 'अभिनंदन' म्हणाले. त्याच सकाळी पाळटोलीत सुतकाच्या घरातला. मंगलीबाईचं दूध उतू गेलं. एकटी पोरगी इतक्या ठिकाणी एकाच वेळी नोंदणी करू शकते? अर्ज पास झाला की डबा 'अभिनंदन' म्हणतो. अर्ज आल्या आल्या तुम्ही पास करत असता, तर ते डबे वेगवेगळ्या दिवशी बोलले असते. तुमचं मार्चचं उद्दिष्ट आधीच भरलं होतं. म्हणून त्यानंतर आलेले अर्ज तुम्ही एप्रिलसाठी दाबून ठेवले आणि एक तारखेला सगळे एकदम सोडले. आमच्या नोंदीत तारीख पडते ती पास केल्याची. त्या ढिगात एक माणूस मेलाय, हे तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावंसंही वाटलं नाही."

प्रफुलचा चेहरा उतरला. मधाळपणा गेला आणि आतला थकलेला माणूस दिसला. "सगळेच करतात, मॅडम. मी नाही केलं तर पुढच्या महिन्यात मी घरी. वरूनच सांगतात, राखून ठेवा."

"वरून म्हणजे कुठून?"

त्यानं पडद्याकडे पाहिलं नाही. पडद्यावरच्या रीता मॅडमनीच घसा खाकरला.

"ठीक आहे. बनावट नाही, तक्रार मागे घेऊ. पण विमा लागू होतो पास केल्याच्या तारखेपासून. त्या बाईचा दावा बसत नाही."

मी टेबलावरची फुकटची बिस्किटं बाजूला सारली.

"चालेल," मी म्हटलं. "मग मी अहवालात लिहिते, की कंपनीनं एक एप्रिलला एका मेलेल्या माणसाचं परिवारात स्वागत केलं आणि त्याला जिवंत म्हणून पास केलं. किंवा लिहिते, की माणूस जिवंत असताना नोंदणी झाली आणि विमा तेव्हापासून लागू आहे. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. विमा कंपनीला यातलं कोणतं पाठवू, तुम्ही सांगा."

पडद्यावर कागद चाळल्याचा आवाज आला.

"दुसरं," रीता मॅडम म्हणाल्या आणि बैठक संपली.

८

शेवट गोड झाला असं कुणी म्हणू नये. कुंताबाईचा दावा मंजूर झाला. प्रफुलची नागपूरला बदली झाली, मोठ्या खुर्चीवर, कारण एप्रिलच्या पहिल्या दिवशी तो विदर्भात पहिला होता. साधनाला कंपनीचं पत्र गेलं, चार ओळींचं, इंग्रजीत. तुमच्याविरुद्धची कार्यवाही बंद करण्यात येत आहे, परिवारात पुन्हा स्वागत.

तिनं मला फोन केला. "मॅडम, हे मी नळावर कोनाले वाचून दाखवू?"

म्हणून हनुमान जयंतीला मी पाळटोलीला गेले. जन्माचं कीर्तन झालं, सूर्य वर आला, मंडळी उठायच्या बेतात होती. लच्छूभाऊंनी मला पुढं बोलावलं. मी कीर्तनकार नाही, पण ऐकून ऐकून कान तयार झालेत. सगळं सांगितलं. कोणत्या डब्याला कुणी मुकं ठेवलं आणि का. साधनानं बापूजींचं तोंड विकलं नव्हतं. बापूजींनी मिशीतली लाही पुसली नाही, म्हणून तिची अब्रू वाचली. देव मासे झाले होते की नाही, मला माहीत नाही, पण त्या दिवशी बापूजींनी हात धुतले नाहीत, हे मात्र चांगलं झालं.

धनराज उठला, बुक्क्याची वाटी घेतली आणि साधनाच्या कपाळाला त्यानं स्वतः बुक्का लावला. नळावर बाजूला सरकणाऱ्या बायांपैकी एकीनं तिचं डोकं छातीशी धरलं. साधनाचा बाप मागे, खांबाच्या आड उभा होता. त्याला मी प्रसाद घेताना पाहिलं.

"डबा नेता का बाजारात?" मी कुंताबाईला विचारलं.

"नेतो ना. पैसे आले की नाव घेते त्यायचं. कंपनीवाल्यायनं म्हनलं, माह्या नावाचा देतो. म्या म्हनलं, नोको."

तिनं दही-लाह्यांचा मुटका माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला, हात केसांना पुसला आणि तशीच गाडीत बसले.

नागपूरच्या कचेरीच्या दारात हजेरीचं यंत्र आहे. अंगठा ठेवला की दार उघडतं. मी अंगठा ठेवला. त्यावर दह्याचा पापुद्रा वाळून घट्ट बसला होता.

"ओळख पटली नाही," यंत्र म्हणालं. तोच आवाज, तुपाळ, गोड. "कृपया बोट स्वच्छ करून पुन्हा प्रयत्न करा."

नोकरी सोडली तर चालेल का, हे आईला आदल्या रात्रीच विचारून निघाले होते. ती म्हणाली होती, माझ्या गोळ्या सरकारी दवाखान्यातही मिळतात.

मागे रांग लागली होती. कुणीतरी ओला रुमाल पुढं केला. मी हसून नको म्हटलं, ओळखपत्र गळ्यातून काढून यंत्रावर ठेवलं आणि तो हात तसाच घेऊन जिना उतरले.